ओवीच्या शाळेंत परभाषा



आपल्या कळमन्याच्या देवळाची ज्युबिली साजरी होत असतां या स्मरणिकेंत मीं कांहीं इतिहासपर लिहावें, अशी संपादक मंडळींनीं इच्छा दर्शविली. देवळाच्या स्थापनेचा व येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत या अंकांत इतरत्र येणारच आहे. तोच पुन्हां सांगून वाचकांचा वेळ घेण्यापेक्षां जी गोष्ट दर रविवारीं आपल्या कानांवर पडते, परंतु जिच्याकडे इतिहासाच्या दृष्टीनें सहसा कोणी पाहत नाहीं, अशा एका गोष्टीविषयीं लिहावें असें मीं ठरविलें. ती गोष्ट म्हणजे गीतांच्या साहाय्यानें परकी भाषा शिकणें व शिकविणें.

प्रथम आपल्याच तोंडाकडे पाहूं. आपल्यापैकीं कोणीहि हिब्रू भाषेचा अभ्यास केलेला नाहीं; तरी “आमेन”, “हालेलूया”, “होसान्ना” हे त्या भाषेंतून आलेले शब्द आपल्या घरांतलें तीन वर्षांचें मूलहि म्हणतें. “किरिये एलेइसोन” हे शब्द तर ग्रीक. रोमच्या ख्रिस्तसभेनें उपासनेसाठीं ग्रीक सोडून लॅटिन भाषा स्वीकारली, त्याला आज सोळाशें वर्षें होऊन गेलीं. सारी मिस्सा लॅटिन झाली, परंतु हे दोन शब्द ग्रीकचे ग्रीकच राहिले. लोकांच्या गळ्यांत एकदां बसलेला शब्द पंडितांच्या आज्ञेनें सहसा हलत नाहीं, असेंच मला यावरून वाटतें.

आपल्या धर्मग्रामांतील अतिवृद्ध मंडळींची गोष्ट याहून बोलकी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनाविधीसंबंधीं आपलें पहिलें घोषणापत्र 4 डिसेंबर 1963 रोजीं प्रसिद्ध केलें, आणि त्यानंतर देशी भाषांना मिस्सेंत मोकळें स्थान मिळालें. त्यापूर्वीं ज्यांचें बालपण गेलें, त्यांच्यांत अक्षरओळख नसलेली माणसेंहि “तांतुम एर्गो” हें स्तोत्र आरंभापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकतां, म्हणत असत. अर्थ विचारला तर बहुतेकांना तो सांगतां येत नसे. गीत परक्या शब्दाला आपल्या तोंडापर्यंत आणून सोडतें; तेथून मनापर्यंतची वाट मात्र तें आपोआप चालून जात नाहीं. ही गोष्ट ज्यांनीं ओळखली, त्यांनीं गीताचा उपयोग उत्तम केला, व ज्यांनीं ओळखली नाहीं त्यांची फजिती झाली. दोन्हींचीं उदाहरणें आपल्या इतिहासांत आहेत. आणि फजितीचें एक उदाहरण प्रत्यक्ष प्रस्तुत लेखकाच्या पदरीं असल्यामुळें तें मी पुढें सांगणारच आहें.

संत फ्रान्सिस झेवियर 1542 च्या मे महिन्यांत गोव्यास उतरला. हातांत घंटा घेऊन रस्त्यानें जावें, घंटेच्या नादानें मुलें, नोकर-चाकर व गुलाम गोळा करावे, आणि धर्मोपदेशाचे पाठ त्यांच्याकडून सुरावर म्हणवून घ्यावे, हा त्याचा परिपाठ सर्वश्रुत आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस तो दक्षिणेच्या किनाऱ्यावर परवर जातीच्या कोळ्यांत गेला. तेथील भाषा तामिळ. त्याची स्वतःची बास्क. त्यानें दोन्ही भाषा थोड्याबहुत जाणणारीं माणसें जवळ बसवून क्रुसाची खूण, विश्वासांगीकार, दहा आज्ञा व इतर प्रार्थना तामिळमध्यें उतरविल्या आणि त्या तोंडपाठ करून तो गांवोगांव फिरूं लागला. मुलांनीं त्या शिकाव्या आणि घरीं जाऊन आईबापांना व शेजाऱ्यांना शिकवाव्या, अशी त्याची योजना होती. 15 जानेवारी 1544 च्या पत्रांत हा सर्व क्रम त्यानें स्वतः वर्णिला आहे.

परंतु झाली चूक ती याच ठिकाणीं. विश्वासांगीकाराच्या प्रारंभीं “मी विश्वास ठेवतों” असें म्हणावयाचें, तेथें त्याच्या दुभाष्यांनीं जो तामिळ शब्द घातला होता त्याचा अर्थ “मला हवें आहे” असा होत होता. कोळ्यांचीं शेंकडों मुलें तन्मयतेनें तोच शब्द घोकीत होतीं. पुढें ही गोष्ट झेवियरच्या ध्यानांत आली, तेव्हां त्यानें आपला सोबती फ्रान्सिस्को मान्सिल्हास याला पत्र लिहून तो शब्द काढावा व त्याऐवजीं विश्वासवाचक शब्द घालावा, असें कळविलें. एवढ्या मोठ्या संतानें स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करावी आणि ती पत्रांत लिहूनहि ठेवावी, हें मला त्याच्या चमत्कारांइतकेंच मोठें वाटतें.

झेवियर एका जागीं फार राहिला नाहीं. 3 डिसेंबर 1552 रोजीं चीनच्या दारांत त्याचा अंत झाला. एकाच भाषेच्या पायाशीं जन्मभर बसून राहण्याचें काम दुसऱ्या एका पुरुषाच्या वांट्याला आलें. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स हा इंग्रज. विल्टशायर परगण्यांत 1549 च्या सुमारास त्याचा जन्म झाला. त्या काळीं इंग्लंडांत कॅथॉलिक धर्म पाळणें संकटाचें झालेलें असल्यामुळें तो रोमला गेला व 1575 मध्यें येशूसंघांत दाखल झाला. 4 एप्रिल 1579 रोजीं लिस्बनहून निघालेलें त्याचें जहाज 24 ऑक्टोबरला गोव्यास लागलें. त्या प्रवासाचें त्यानें आपल्या वडिलांना लिहिलेलें पत्र पुढें इंग्लंडांत छापलें गेलें. त्यानंतर चाळीस वर्षें, म्हणजे 1619 मध्यें मरण येईपर्यंत, तो गोव्यांतच, मुख्यतः साष्टी महालांत, राहिला. मायदेशीं तो पुन्हां गेला नाहीं.

1583 मध्यें आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांत त्यानें या देशांतील भाषांविषयीं जें लिहिलें आहे, तें भाषाशास्त्राच्या इतिहासांत नोंदलें गेलें आहे. या भाषांचे उच्चार कानाला अप्रिय नाहींत, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, असा त्या पत्राचा आशय. सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांच्या सख्यत्वाविषयीं आपलें प्रसिद्ध व्याख्यान दिलें तें 1786 मध्यें. म्हणजे साष्टीच्या या पाद्र्याला ती गोष्ट दोनशें वर्षें आधींच दिसली होती. येथें मला विशेष लक्ष वेधावयाचें आहे तें त्याच्या कानाकडे. व्याकरण सांगण्यापूर्वीं तो उच्चारांविषयीं बोलतो. त्यानें भाषा प्रथम ऐकली.

आणि ऐकण्यासारखें तेथें काय होतें? कोंकणी ही साष्टीच्या घराघरांतील बोली होती. परंतु देवादिकांच्या कथा ज्या भाषेंत गाइल्या जात, ती मराठी. स्टीफन्स गोव्यांत होता, त्याच काळांत इकडे पैठणास एकनाथ महाराज ओव्या रचीत होते; त्यांचें निर्याण 1599 चें. जुन्या मराठी-कोंकणी कथांच्या रोमन लिपींत केलेल्या सोळाव्या शतकांतील नकला पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथसंग्रहालयांत आजहि आहेत. त्यांत रामायण-महाभारताच्या कथा आहेत. ज्या पाद्र्यांनीं या देशांतील कथापुराणांचा धर्म म्हणून त्याग करविला, त्यांनींच तीं पुराणें भाषा म्हणून गिरविलीं, हा इतिहासाचा विरोधाभास आहे. त्यांतील दुःखद भाग मी झांकून ठेवूं इच्छित नाहीं. देवळें पाडलीं गेलीं, पोथ्या हिरावल्या गेल्या. आणि 1583 मध्यें कुंकळ्ळी येथें लोकक्षोभांत पांच येशूसंघीय मारले गेले, त्यांचीं प्रेतें आणण्याचें काम स्टीफन्सच्याच वांट्याला आलें.

अशा पार्श्वभूमीवर तो प्रसंग घडला, ज्याचें वर्णन स्टीफन्सनें आपल्या क्रिस्तपुराणाच्या आरंभींच केलें आहे. धर्मशिक्षणाचा वर्ग चालला असतां एका ब्राह्मणानें उठून पाद्रीला विचारलें, कीं आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांला दुसरें पुराण कां देत नाहीं? प्रश्न साधा, परंतु मर्मीं लागणारा. प्रश्नोत्तरांचें पुस्तक त्या माणसाला नको होतें. त्याचें गाणें गेलें होतें, व त्याला गाण्याच्या बदल्यांत गाणें पाहिजे होतें.

स्टीफन्सनें त्याला गाणें दिलें. 1616 मध्यें राचोल येथें हें पुराण छापून निघालें. पहिल्या पुराणाचे 36 अध्याय, दुसऱ्याचे 59. लेखक त्यांना “अवस्वरू” म्हणतो. ओव्यांची संख्या 10,962. उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतचा सारा वृत्तांत या ओव्यांत आहे. प्रस्तावनेंत लेखक सांगतो, कीं देवाच्या गोष्टी सांगण्यास योग्य म्हणून मराठी घेतली, आणि सामान्य लोकांना कळावें म्हणून तींत तिथल्या ब्राह्मणांच्या बोलीचे सोपे शब्द मिसळले. मराठीची त्यानें केलेली स्तुति तर आज शाळेच्या पुस्तकांमुळें सर्वांस ठाऊक आहे. परंतु माझ्या मतें त्या स्तुतीहून एक आंकडा अधिक बोलतो. 1579 मध्यें तो आला, व 1616 मध्यें पुराण छापलें. मधलीं वर्षें 37! हल्लीं तीस दिवसांत भाषा शिकविण्याच्या जाहिराती पाहतों, तेव्हां मला या सदतीस वर्षांची आठवण होते.

आतां ओवीच कां, हें पाहूं. कारण परभाषा शिकणाराला गीताचा नेमका काय उपयोग होतो, हें ओवीच्या रचनेंतच दिसून येतें. ग्रांथिक ओवीचे चरण चार. पहिल्या तीन चरणांच्या अंतीं यमक असतें. चौथा चरण आंखूड व बिनयमकी. अक्षरांचें बंधन सैल. ज्यांना मराठी आईच्या दुधाबरोबर मिळाली, त्यांना यांत विशेष कांहीं वाटणार नाहीं. परंतु मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला सर्वांत कठीण काय जातें, हें त्यालाच विचारा. शब्दांचें लिंग! “तो दगड”, “ती वीट”, “तें लाकूड”. याला नियम सांगावा तर तो अर्ध्या ठिकाणीं मोडतो. आणि लिंग चुकलें, कीं क्रियापद चुकलें, विशेषण चुकलें, सारें वाक्यच लंगडें झालें. यमक हें नेमकें शब्दाच्या शेवटावर बसतें, आणि मराठीचें लिंग, वचन व विभक्ति हीं बहुतेक शब्दाच्या शेवटींच राहतात. “आला”शीं “गेला” जुळतें, “आली”शीं “गेली”, “आलें”शीं “गेलें”. एका चरणांत चुकलात, तर पुढच्या चरणाचें यमक लगेच तुमची चूक उघडी पाडतें. गुरुजी जवळ नसतांना ओवीच छडी घेऊन उभी राहते.

हें मी पुस्तकांतून लिहीत नाहीं. माझा जन्म केरळांतील, मातृभाषा मलयाळम. सेमिनरींत असतांना नागपूर धर्मप्रांतासाठीं आलों, तेव्हां मराठीचें एक अक्षर येत नव्हतें. माझ्या भाषेंत “ळ” आणि “ण” आहेत, त्यामुळें ज्या अक्षरांना इतर परप्रांतीय अडखळतात तीं मला सोपीं गेलीं. अडलें तें महाप्राणांपाशीं. आमच्याकडे तीं अक्षरें लिहितांना वेगळीं, पण बोलतांना पुष्कळदां एकच. व्याकरणाचें पुस्तक मीं दोनदां संपविलें, परीक्षाहि उत्तीर्ण झालों. पुढें एका धर्मग्रामांत सहायक म्हणून असतांना गायकवर्गाबरोबर गाऊं लागलों. एका भजनांत देवाला “भाव” अर्पण करण्याचा उल्लेख होता. मी मोठ्यानें, आणि माझ्या समजुतीप्रमाणें मोठ्या भक्तीनें, “बाव” म्हणत असें. सुमारें दोन वर्षें कोणी कांहीं बोललें नाहीं. फादरला कोण सांगणार? शेवटीं गायकवर्गांतील एक म्हातारी बाई, मूळची भंडाऱ्याकडची, मिस्सेनंतर सॅक्रिस्टीच्या दारांत आली व हात जोडून म्हणाली, “फादरजी, रागावू नका जी, पण देवाले तुमी विहीर कायले देता?” जुन्या मराठींत “बाव” म्हणजे विहीर, हें मला त्या दिवशीं कळलें.

त्या बाईनें नंतर मला प्रत्येक शनिवारीं पाऊण तास बसविलें. तिची पद्धत एवढीच कीं बोलतांना घाई होते, म्हणून बोलावयाचें नाहीं, गावयाचें. “भा” हें अक्षर सुरावर धरून ठेवावयाचें, तळहात तोंडासमोर ठेवून श्वास लागतो कीं नाहीं तें पाहावयाचें, मग पुढच्या अक्षरावर जावयाचें. बोलण्यांत जें अक्षर डोळ्याचें पातें लवतांच निसटून जातें, तें गाण्यांत दोन-तीन क्षण हातीं राहतें, आणि तेवढ्यांत जीभ आपली जागा शोधून घेते. व्याकरणाच्या पुस्तकानें जें केलें नाहीं तें तिच्या सहा भजनांनीं केलें. ती निवर्तल्यास आज पुष्कळ वर्षें झालीं.

तथापि गीतांनीं शिकलेल्या मराठीचेहि धोके आहेत. भजनांची भाषा बाजाराची नव्हे. पहिल्या वर्षीं भाजीवाल्याकडे जाऊन मी “मज दोन किलो कांदे द्यावे” असें म्हणालों, तेव्हां तो माणूस क्षणभर कांदे सोडून माझ्या तोंडाकडेच पाहत राहिला. स्टीफन्सच्या ध्यानांत हा भेद होता, असें दिसतें. म्हणूनच त्यानें पुराणावरच थांबून न राहतां लोकांच्या रोजच्या बोलीसाठीं दोन वेगळे ग्रंथ केले. कोंकणींतील “दौत्रिन क्रिस्तां” हें धर्मशिक्षणाचें पुस्तक त्याच्या मरणानंतर 1622 मध्यें छापलें गेलें, आणि त्याचें कोंकणी व्याकरण, दियोगु रिबैरु यानें भर घालून, 1640 मध्यें राचोल येथेंच निघालें. कोणत्याहि भारतीय भाषेच्या छापील व्याकरणांत तें अग्रस्थानीं गणलें जातें. गाण्यासाठीं मराठी, बोलण्यासाठीं कोंकणी, आणि दोन्ही समजून घेण्यासाठीं व्याकरण, अशी ही तिहेरी व्यवस्था होती.

स्टीफन्सच्या मागून गेलेल्यांत एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयानें संत पेत्रावर ओवीबद्ध पुराण रचलें (1629), आणि मोरोक्कोंत जन्मलेल्या आंतोनियु द साल्दान्या यानें संत अंतोनीचें चरित्र 1655 मध्यें प्रसिद्ध केलें. इंग्रज, फ्रेंच, आफ्रिकेंत जन्मलेला पोर्तुगीज. तिघेहि परके, आणि तिघांनींहि आपल्या भाषांची सेवा केली.

लिपीविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हीं पुस्तकें रोमन अक्षरांत छापलीं गेलीं, कारण गोव्यांत देवनागरी टंक नव्हते. स्टीफन्सला तें खुपत होतें. 1608 मध्यें त्यानें आपल्या संघाच्या प्रमुखाला रोमला पत्र लिहून देशी अक्षरांचे टंक पाडविण्याची परवानगी मागितली. तें घडलें नाहीं.

पुढें याहून मोठा आघात झाला. 27 जून 1684 रोजीं गोव्याचा व्हाइसरॉय काँदि द आल्व्होर यानें फर्मान काढलें, कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा बोलावी. ज्या भूमींत एका इंग्रजानें सदतीस वर्षें खर्चून लोकांच्या भाषेंत ओवी म्हटली, तेथेंच अडुसष्ट वर्षांनीं लोकांच्या तोंडाला कुलूप घालण्याचा हुकूम निघावा, हें वाचतांना कॅथॉलिक म्हणून मला लाज वाटते. क्रिस्तपुराणाच्या 1616, 1649 व 1654 या तिन्ही छापील आवृत्त्यांची आज एकहि प्रत उपलब्ध नाहीं. जें वांचलें तें हातांनीं लिहिलेल्या पोथ्यांत. मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांनीं अशा पोथ्या जपून ठेविल्या होत्या. त्यांवरून जोसेफ साल्दान्हा यांनीं 1907 मध्यें मंगळूरास पुन्हां छापील ग्रंथ काढला. त्यानंतरच्या वर्षांत जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमधील मार्सडेन संग्रहांत या पुराणाची देवनागरी पोथी आढळली. 1956 मध्यें पुण्याहून शांताराम बंडेलू यांनीं देवनागरी आवृत्ति काढली. आणि 2009 मध्यें फादर नेल्सन फालकाव यांनीं मार्सडेन पोथी आजच्या मराठीसह प्रसिद्ध केली. फर्मानाचीं तीन वर्षें केव्हांच सरलीं, पोथी राहिली.

गोव्याची गोष्ट पुष्कळ झाली. आतां आपल्या नागपूरकडे वळूं. आपल्याकडे कॅथॉलिक धर्माचें संघटित कार्य सुरू झालें तें आनसी येथील संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवाच्या संघाकडून. हा संघ 1838 मध्यें स्थापन झाला व त्याची पहिली तुकडी 1845-46 मध्यें विशाखापट्टणाकडे आली. नागपूर व कामठीपर्यंतचा मुलूख त्याच मिशनखालीं होता. 1887 मध्यें नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. सव्हॉय प्रांताचे हे पाद्री घरीं फ्रेंच बोलत. कामठीच्या छावणींतील आयरिश शिपायांसाठीं त्यांना इंग्रजी लागे. आणि बाजारांत पाऊल ठेवतांच तेलुगू, तामिळ, मराठी, हिंदी! इतक्या भाषांच्या मेळ्यांत सर्वांना एकत्र म्हणतां येण्यासारखी उपासनेची भाषा एकच होती. ती लॅटिन, आणि तीहि सुरावर.

याच वेळीं नागपुरांत दुसरा एक परदेशी गीत ऐकत बसला होता. तो आपल्या पंथाचा नव्हे, तर स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. त्याच्या नांवाचें महाविद्यालय सर्वांस ठाऊक आहेच. 1845 मध्यें तो येथें आला. गोंडांची भाषा लिहिलेली नव्हती. ती शिकावयास पुस्तक कोठून आणणार? तेव्हां परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या भाटाच्या, तोंडून त्यानें लिंगोचें दीर्घ गीत उतरवून घेतलें. 1863 मध्यें टाकळघाटाजवळ ओढ्याच्या पुरांत त्याचा अंत झाला. त्याचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनीं 1866 मध्यें छापविले, आणि त्यांत तें गोंडी गीत भाषांतरासह आहे. गोंडी भाषेच्या अभ्यासकांना पुढें तें फार उपयोगी पडलें. स्टीफन्सनें परक्या भाषेंत गीत रचलें. हिस्लॉपनें परक्या भाषेचें गीत जपलें. मला दोघांहिविषयीं आदर आहे, आणि दुसरें काम पहिल्याहून अधिक नम्रतेचें आहे, असेंहि कधीं कधीं वाटतें.

आपल्या कळमन्यावरून आज हावड्याकडे जो लोहमार्ग जातो, त्याच नागपूर-राजनांदगांवच्या प्रवासांत 1893 च्या सुमारास नारायण वामन टिळक यांना आगगाडींत एक युरोपीय गृहस्थ भेटले व त्यांनीं त्यांना नवा करार दिला, ही कथा प्रसिद्ध आहे. 1895 मध्यें टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तोहि प्रॉटेस्टंट पंथांत. त्यांच्यापूर्वीं इंग्रजी चालींवर बसविलेलीं मराठी स्तोत्रें पुष्कळ होतीं. त्यांत इंग्रजी सुराचा आघात मराठी शब्दाच्या भलत्याच अक्षरावर पडे, ऱ्हस्व असेल तें दीर्घ होई, आणि शब्द ओळखूं येईनासा होई. अशा गीतानें भाषा शिकणारा मनुष्य चुकीचीच भाषा शिकेल, यांत संशय नाहीं. टिळकांनीं अभंग, ओवी व भजन यांच्या चालींत ख्रिस्ताला गाइलें, आणि आज कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट दोघांच्याहि तोंडीं त्यांचीं भजनें आहेत. चाल त्याच भाषेच्या मातींतली असली, तरच गीत भाषा शिकवितें.

आतां घरचें पाहूं. कळमन्याचा बाजार देशभरांतील माणसें ओढून आणतो. मालाच्या मोटारी, मिरचीचे ढीग, संत्र्यांचे लिलाव. आणि त्यांमागून येणारे हमाल, चालक, दुकानांतील कामगार. छत्तीसगडहून वा झारखंडाहून आलेला तरुण मराठीचे पहिले आंकडे शाळेंत शिकत नाहीं. लिलावाची हाळी एका सुरांत चाललेली असते, ती आठ दिवस कानांवर पडली कीं तो वीस, पंचवीस, तीस आपोआप म्हणूं लागतो. आपल्या देवळांतहि अशीं कुटुंबें आहेत; घरीं कुडुख, छत्तीसगढी, तामिळ, तेलुगू, मलयाळम, आणि रविवारीं मराठी. त्यांचीं मुलें मराठी भजनें आपल्याहून शुद्ध म्हणतात, याचा मला आनंद आहे.

परंतु त्या आनंदाबरोबर एक काळजीहि आहे, ती या ज्युबिलीच्या निमित्तानें उघड सांगतों. गेल्या वर्षीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत मीं एका मुलीला तिच्या आजीचें, घरच्या भाषेंतलें एखादें गाणें म्हणावयास सांगितलें. ती खालीं पाहूं लागली. गाणें तिला येत होतें, हें मला तिच्या आजीकडून ठाऊक होतें. तें देवळांत म्हणण्यासारखें नाहीं, असें कोणीतरी तिच्या मनांत भरविलें होतें. कोणी भरविलें, हें मीं विचारलें नाहीं, कारण उत्तरांत माझेंच नांव निघण्याची मला भीति वाटली. मराठी मिस्सा नीट व्हावी म्हणून मी वर्षानुवर्षें मुलांच्या मागें लागलों. त्यांच्या घरच्या गाण्याची चौकशी मीं एकदांहि केली नव्हती. साष्टीच्या त्या ब्राह्मणाचा प्रश्न चारशें वर्षांनीं माझ्यासमोर उभा राहिला, आणि तो विचारणारें मूल अकरा वर्षांचें होतें.

म्हणून ज्युबिलीच्या मिस्सेसाठीं गायकवर्गाशीं बोलून असें ठरविलें आहे, कीं प्रवेशगीतापूर्वीं क्रिस्तपुराणांतील कांहीं ओव्या म्हणाव्या, व अर्पणाच्या वेळीं त्या मुलीच्या आजीनें शिकविलेलें कुडुख गीत सर्वांनीं म्हणावें. तालीम दर शनिवारीं सायंकाळीं सहा वाजतां असते. ओव्या मुलांना लवकर बसल्या. यमकाचे तीन चरण तर पहिल्याच दिवशीं आले, चौथ्या आंखूड चरणाशीं मात्र अजून सर्वजण एकदम थांबत नाहींत. कुडुख गीतांत आम्हां मोठ्या माणसांची अवस्था कठीण आहे. आजी पुढें खुर्चीवर बसते, आणि मी चुकलों कीं हात वर करते. मागच्या शनिवारीं तिनें तो चार वेळां वर केला.